एन्क्रिप्शनचं कार्ड बसवलंय, तरी सगळा लोड सीपीयूवरच? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

सर्व्हरमध्ये एन्क्रिप्शनचं काम उचलणारं कार्ड आहे, किंवा प्रोसेसरमध्येच ती सोय आहे. बसवलं तेव्हा सगळं छान चाललं होतं. मग कधीतरी, बहुतेक वेळा गर्दीच्या दिवशीच, सगळे कोअर नव्वद टक्क्यांच्या पुढे जातात. साइट बंद पडत नाही, पण पहिलं पान उघडताना ब्राउझर दोन-तीन सेकंद नुसता थांबून राहतो. एकदा कनेक्शन जुळलं की पुढची पानं भराभर येतात. एरर लॉग कोरा. सर्टिफिकेटची मुदत बाकी आहे. मेमरी मोकळी, डिस्क शांत. सर्व्हर रीस्टार्ट केला की काही तास बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. एवढं होऊनही कार्ड सिस्टिमच्या यादीत अगदी व्यवस्थित दिसत असतं.

यातली तीन-चार लक्षणं जुळत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

मी ठाण्यात राहते आणि काम महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांमध्ये. ठाणे-बेलापूर रोडवरच्या त्या थंड हॉलमध्ये, गेटवर लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून, सोबत सिक्युरिटीचा माणूस घेऊन मी हाच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय, की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी पुढचं काय असणार ते कळतं. "ताई, कार्ड आहे ना आत, मी स्वतः बसवलंय." कार्ड आत असतंच. पण ट्रॅफिक त्याच्यातून जात नसतो.

हा बिघाड परत परत होतो, त्याला कारण आहे. कार्ड बंद पडलं तरी वेबसाइट बंद पडत नाही. बहुतेक मांडण्यांत (कॉन्फिगरेशनमध्ये) ओपन-एसएसएल (एन्क्रिप्शनचं गणित करणारी लायब्ररी) तेच गणित गुपचूप सीपीयूकडून करून घेतं. एरवीच्या दिवशी ट्रॅफिक कमी, सीपीयूला ते झेपतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. निकालाच्या दिवशी, हप्ता भरायच्या शेवटच्या तारखेला, तिकीट विक्री उघडते त्या मिनिटाला ते उघडं पडतं. म्हणजे तुम्हाला दिसतो तो दिवस बिघाडाचा नसतोच. बिघाड कदाचित दोन महिन्यांपूर्वीच्या एखाद्या अपडेटला झालेला असतो. त्यामुळे तपासणी सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: शेवटचं सगळं नीट होतं त्यानंतर काय काय बदललं? कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), ओपन-एसएसएल, सर्टिफिकेट, की मशीनची जागा?

आधी खात्री करा की हे ओझं एन्क्रिप्शनचंच आहे

याला एक रुपयाही लागत नाही आणि पाच मिनिटं पुरतात, तरी बहुतेक जण हे टाळतात. लोड चालू असतानाच सर्व्हरवर पर्फ टॉप (सीपीयूचा वेळ कोणतं फंक्शन खातंय ते दाखवणारी आज्ञा) चालवा आणि वरची दहा नावं वाचा. बीएन-मूल-माँट किंवा आरएसएझेड अशी नावं वर असतील तर वेळ आरएसए या पद्धतीच्या सह्यांत जातोय, म्हणजे हँडशेकमध्ये, कनेक्शन जुळवताना. एईएस किंवा जीहॅश असलेली नावं वर असतील तर वेळ प्रत्यक्ष डेटा एन्क्रिप्ट करण्यात जातोय. आणि डिफ्लेट, लाँगेस्ट-मॅच असं दिसलं तर दोष एन्क्रिप्शनचा नाहीच, जीझिपचा, म्हणजे फाइली दाबण्याचा, आहे.

तिसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. रबाळ्याच्या एका ग्राहकाने दुसरं कार्ड मागवायची तयारी केली होती. पर्फ टॉपमध्ये पहिल्या तीन ओळी कॉम्प्रेशनच्या. कोणीतरी जीझिपची पातळी ९ करून ठेवली होती. ती खाली आणली, तयार फाइली आधीच दाबून ठेवल्या आणि मागवायचं कार्ड मागवलंच नाही.

हँडशेक की डेटा, हे वेगळं करा

ही विभागणी नीट समजली की पुढची अर्धी तपासणी वाचते. एचटीटीपीएस कनेक्शनमध्ये दोन वेगळी कामं असतात. सुरुवातीला सर्व्हर आपल्या प्रायव्हेट कीने (गुप्त किल्लीने) सही करतो आणि दोन्ही बाजू एक गुपित ठरवतात. हे जड काम, पण प्रत्येक कनेक्शनला एकदाच. नंतर त्या गुपिताने सगळा डेटा एन्क्रिप्ट होतो. हे हलकं काम, पण प्रत्येक बाइटला.

दुसऱ्या कामासाठी आजच्या सर्व्हरला वेगळं कार्ड सहसा लागत नाही. इंटेलने २०१० मध्ये वेस्टमिअर प्रोसेसरांपासून एईएस या डेटा एन्क्रिप्ट करण्याच्या पद्धतीच्या सूचना थेट प्रोसेसरमध्येच दिल्या, एएमडीकडे त्या २०११ च्या बुलडोझरपासून आल्या. त्या चालू असतील तर एक आधुनिक कोअर सेकंदाला गिगाबाइटच्या हिशोबात एईएस-जीसीएम करतो. त्याच २०१० मध्ये जीमेल सर्वांसाठी मुळातच एचटीटीपीएसवर गेलं, तेव्हा गूगलने सांगितलं होतं की त्यांच्या पुढच्या फळीतल्या मशीनांवर एसएसएलचा भार सीपीयूच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि त्यासाठी त्यांनी खास हार्डवेअर घेतलं नव्हतं. हे मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगते, कारण कार्ड घेण्याआधी ते माहीत असायला हवं.

पहिलं काम मात्र आरएसएने होत असेल तर खरंच महाग आहे. साधारण एक कोअर सेकंदाला २०४८ बिटांच्या दीड-दोन हजार सह्या करतो. ४०९६ बिटांची की असेल तर सहा-सात पट कमी. तोच कोअर ईसीडीएसए पी-२५६ या दुसऱ्या, हलक्या पद्धतीच्या तीस हजारांच्या आसपास सह्या करतो. म्हणून कोणतंही हार्डवेअर उघडण्याआधी सर्टिफिकेट पाहा. "जास्त सुरक्षित" म्हणून कोणी ४०९६ ची आरएसए की घेतली असेल तर तुमचं दुखणं तिथेच सापडलं. ईसीडीएसए सर्टिफिकेट घ्या. जुने क्लायंट असतील तर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर दोन्ही प्रकारची सर्टिफिकेटं एकाच वेळी देऊ शकतो, ज्याला जे समजतं ते तो उचलतो.

इथे एक उलटा प्रकारही घडतो. सर्टबॉट (सर्टिफिकेटं आपोआप आणणारा प्रोग्राम) त्याच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीपासून, नवं सर्टिफिकेट आपण काही न सांगता ईसीडीएसएचं घेतो. कार्डाच्या मांडणीत फक्त आरएसए लिहिलेलं असेल, तर नवं सर्टिफिकेट आल्यापासून कार्ड रिकामं बसतं. पण तेव्हा सीपीयूही निवांत असतो. कार्डाचा आकडा शून्य दिसला म्हणून घाबरून फोन करणारे असतात. त्यांना मी सांगते, सीपीयू शांत आहे ना, मग हा बिघाड नाही.

परत येणाऱ्या पाहुण्याला पुन्हा सही का?

हे मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेलं कारण आहे, म्हणून थोडं सविस्तर.

एकदा येऊन गेलेला ब्राउझर परत आला की तो मागचं तिकीट दाखवतो आणि सर्व्हरला पुन्हा सही करावी लागत नाही. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्येही हे आहे. तिथे किल्ल्यांची छोटी देवाणघेवाण सहसा होते, पण सर्टिफिकेटची सही टळते. हे तिकीट सर्व्हर आपल्या गुप्त कीने बंद करून देतो. आता समजा लोड बॅलन्सरच्या (येणारा ट्रॅफिक वाटून देणाऱ्या मशीनच्या) मागे चार सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाने आपली तिकिटाची की स्वतःच तयार केली आहे. पहिल्याने दिलेलं तिकीट तिसऱ्याला उघडता येत नाही. तो मुकाट्याने पूर्ण हँडशेक करतो. चार सर्व्हर असले की चारात तीनदा हेच.

एनजिनएक्समध्ये हे पाहायला एक व्हेरिएबल आहे, एसएसएल-सेशन-रीयूज्ड. ते अ‍ॅक्सेस लॉगच्या मांडणीत घाला. जुनं सत्र वापरलं गेलं तर तिथे आर अक्षर येतं, नाहीतर नुसता टिंब. दहा मिनिटांचा लॉग घ्या आणि टिंब मोजा. घणसोलीच्या एका शिक्षणसंस्थेच्या अर्जांच्या साइटवर मी हा लॉग मोठ्या स्क्रीनवर उघडला होता. ओळींमागून ओळी, उजव्या टोकाला नुसते टिंब, मधूनच कुठेतरी एखादा आर. त्यांची तरुण अ‍ॅडमिन ते बघतच राहिली. चारही सर्व्हरांना तिकिटाची एकच की फाइल दिली, ती ठरावीक दिवसांनी बदलायची सोय केली आणि संध्याकाळपर्यंत लॉगमध्ये आर भरले. सीपीयूचा आलेख निम्म्यावर आला. कार्डाला हातही लावला नव्हता.

की बदलायची सोय विसरू नका. तीच की महिनोन्‌महिने ठेवली आणि ती कोणाच्या हाती लागली, तर टीएलएस १.२ मधली त्या काळातली जुनी संभाषणंही उघडता येतात.

याच्याच जोडीला कीप-अलाइव्ह, म्हणजे रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं ते, पाहा. एनजिनएक्सची मूळ मर्यादा ७५ सेकंद आहे. "कनेक्शन फार अडकून राहतात" म्हणून कोणी ती शून्य केली असेल, तर पानावरच्या चित्रांसाठीही नवनवी कनेक्शनं उघडत राहतात.

व्हर्च्युअल मशीन असेल तर एईएसचा फ्लॅग

डेटा एन्क्रिप्ट करण्यातच वेळ जातोय असं दिसलं तर प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये एईएस हा फ्लॅग शोधा. नसेल तर बहुतेक वेळा दोन शक्यता: बायोसमध्ये तो बंद आहे किंवा व्हर्च्युअल मशीनला तो दिलेला नाही. दुसरी जास्त आढळते. केव्हीएममध्ये (लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीत) मशीन केव्हीएम-६४ सारख्या जुन्या सर्वसाधारण प्रोसेसरच्या रूपात उभं केलं, तर खालच्या खऱ्या प्रोसेसरकडे सूचना असूनही वरच्याला त्या दिसत नाहीत. केव्हीएमवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सची मूळ निवड बरीच वर्षं हीच होती. आठव्या आवृत्तीपासून नव्या मशीनसाठी एईएस असलेला प्रकार निवडलेला येतो. पण जुनं मशीन अपग्रेड करून आणलं असेल तर त्याची जुनी निवड तशीच राहते.

एका पतसंस्थेचा सर्व्हर प्रत्यक्ष मशीनवरून व्हर्च्युअलवर हलवला आणि दुसऱ्या दिवसापासून पासबुकाच्या पीडीएफ रांगायला लागल्या. प्रोसेसरचा प्रकार होस्ट करून मशीन पूर्ण बंद करून चालू केलं, बस. नुसतं आतून रीबूट करून हा बदल लागत नाही, हे लक्षात ठेवा.

कार्ड मोजतंय का ते पाहा

आता कार्डाकडे. इथून पुढे मी इंटेलच्या क्विकअसिस्टबद्दल (क्यूएटी) लिहिते, कारण या पट्ट्यात मला तेच सगळ्यात जास्त भेटतं. इतर कार्डांनाही क्रम हाच लागू पडतो.

कार्ड यादीत दिसणं आणि कार्डाने काम करणं यात फार अंतर आहे. एलएसपीसीआयमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, नाव दिसलं याचा अर्थ एवढाच की मदरबोर्डला ते सापडलं. इंटेलची सी-६२एक्स चिप असलेल्या कार्डाची तर तीन उपकरणं दिसतात. तीन कार्डं बसली आहेत असं समजू नका. खरा पुरावा डीबग-एफएसमध्ये, म्हणजे कर्नल आतली माहिती दाखवतो त्या फोल्डरांत, आहे. तिथे प्रत्येक क्यूएटी उपकरणाच्या फोल्डरमध्ये एफडब्ल्यू-काउंटर्स नावाची फाइल असते. तीत कार्डातल्या प्रत्येक इंजिनासमोर किती विनंत्या आल्या आणि किती उत्तरं गेली याचे आकडे असतात.

ही फाइल एकदा वाचा. आकडे कागदावर लिहा. दहा सेकंद थांबा, या वेळात बाहेरून साइट चार-पाच वेळा नव्या कनेक्शनने उघडा. परत वाचा. आकडे वाढले असतील तर कार्ड काम करतंय. जसेच्या तसे असतील तर ट्रॅफिक कार्डापर्यंत पोचतच नाही, आणि तुम्ही कार्ड बदललंत तरी पोचणार नाही. विनंत्या वाढतात पण उत्तरं वाढत नाहीत असं दिसलं तर कार्ड अडकलंय. तेव्हा सरळ शेवटच्या भागावर जा.

माझा आग्रह आहे की ही मोजणी बसवल्या दिवशीच पाच मिनिटांनी एकदा आपोआप व्हावी. सीपीयू चढलाय आणि कार्डाचा आकडा हलत नाही, हे एकत्र घडलं की फोनवर संदेश यावा. ज्यांच्याकडे मी हे करून दिलं त्यांना गर्दीच्या दिवशी मला बोलवावं लागलेलं नाही.

आकडा हलत नसेल तर: कर्नलचं अपडेट

ड्रायव्हर कर्नलसोबत आलेला असू शकतो किंवा कोणी वेगळा डाउनलोड करून बसवलेला. वेगळा बसवलेला असेल आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधायची सोय, म्हणजे डीकेएमएस, केलेली नसेल, तर पहिल्याच अपडेटनंतर तो लोड होत नाही. सिक्युअर बूट चालू असेल आणि मॉड्यूलवर मान्य सही नसेल तर कर्नल त्याला दारातूनच परत पाठवतो. फर्मवेअरच्या फाइली गायब असतील तर ड्रायव्हर येतो, पण कार्ड सुरू होत नाही. सी-६२एक्सला दोन फाइली लागतात आणि अर्धवट कॉपीत नेमकी एमएमपीवाली राहून जाते. या तिन्ही गोष्टी बूटच्या संदेशांत स्पष्ट लिहिलेल्या असतात. डीमेसेजमध्ये क्यूएटी शोधा.

जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या झिऑनपासून क्यूएटी प्रोसेसरमध्येच येतं, पण प्रत्येक मॉडेलात नाही: काहींत चार उपकरणं, काहींत एक, काहींत एकही नाही. खरेदीच्या वेळी नुसतं "चौथी पिढी" ऐकून घेतलेलं मशीन असेल तर मॉडेल क्रमांक इंटेलच्या तक्त्यात तपासा. शिवाय या पिढीत प्रत्येक उपकरणाला कोणती सेवा द्यायची ते ठरवावं लागतं. ते कॉम्प्रेशनला लावलेलं असेल तर एन्क्रिप्शनचं एकही काम ते घेणार नाही.

ओपन-एसएसएल आणि वेब सर्व्हर

ड्रायव्हर ठीक असेल तर मधला दुवा पाहा. ओपन-एसएसएलला कार्डाशी बोलायला पूर्वी इंजिन नावाचा जोडभाग लागायचा. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने इंजिनाची पद्धत जुनी ठरवून प्रोव्हायडरची पद्धत आणली. सप्टेंबर २०२३ मध्ये १.१.१ चा आधार संपला तेव्हा सगळ्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्या, आणि जुनं इंजिन जुन्या फोल्डरमध्येच राहिलं. त्या हिवाळ्यात मी हेच सात-आठ ठिकाणी पाहिलं.

वेगाची चाचणी करताना दोन चुका हमखास होतात. ओपन-एसएसएलची स्पीड आज्ञा मुळात सीपीयूचा वेळ मोजते. काम कार्डाने केलं तर सीपीयूचा वेळ नगण्य, म्हणून आकडा अवाच्या सवा मोठा येतो आणि सगळे खूश होतात. इलॅप्स्ड हा पर्याय लावा, म्हणजे घड्याळाचा वेळ धरला जाईल. दुसरी चूक उलटी: एका वेळी एकच काम कार्डाला दिलं तर ते सीपीयूपेक्षाही हळू दिसतं, कारण प्रत्येक कामाला जायला-यायला वेळ लागतो. असिंक-जॉब्ज पर्याय देऊन कित्येक कामं एकाच वेळी सोडा. हे कार्ड लोकलसारखं आहे, एका माणसासाठी ते परवडत नाही.

हेच वेब सर्व्हरलाही लागू. कामं एकाच वेळी सोडायची सोय ओपन-एसएसएलमध्ये १.१.० पासून, म्हणजे २०१६ पासून आहे, पण वेब सर्व्हरनेही ती वापरायला हवी. साधा एनजिनएक्स ती वापरत नाही. त्यासाठी इंटेलची असिंक आवृत्ती आहे. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमध्ये एसएसएल-मोड-असिंक ही ओळ लिहावी लागते. कोणी यम किंवा ॲप्टने (पॅकेज बसवणाऱ्या आज्ञांनी) साधा एनजिनएक्स अपडेट केला आणि असिंक आवृत्तीवर तो चढला, तर मांडणीतल्या अनोळखी ओळींमुळे तो सुरू होत नाही. मग घाईत त्या ओळी काढून टाकल्या जातात, साइट उठते आणि कार्ड त्या क्षणापासून बेकार.

हाताने चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही

रूट म्हणून चाचणी केली तर कार्ड उत्तम, एनजिनएक्स सर्व्हिस म्हणून उठवला तर आकडा हलत नाही. असं असेल तर सर्व्हिसचा वापरकर्ता क्यूएटी गटात आहे का ते पाहा, सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या फाइलमध्ये मेमलॉकची (मेमरी अडकवून ठेवण्याची) मर्यादा पाहा, आणि तिथेच प्रायव्हेट-डिव्हाइसेस चालू आहे का ते पाहा. ते चालू असेल तर त्या सर्व्हिसला खरी उपकरणं दिसतच नाहीत. सुरक्षिततेच्या ऑडिटनंतर ही ओळ घातली जाते, चांगल्या हेतूनेच.

आणि "रीस्टार्ट केलं की काही तास बरं" हे लक्षण असेल तर माझा पहिला संशय रीलोडवर असतो. कार्डाच्या मांडणीत किती प्रोसेसना जागा द्यायची तो आकडा लिहिलेला असतो. आठ वर्कर (एनजिनएक्सच्या काम करणाऱ्या प्रोसेस), म्हणून आठ जागा. सर्टिफिकेट नूतनीकरणानंतर एनजिनएक्स रीलोड होतो. नवे आठ वर्कर उभे राहतात, पण जुने आठ लगेच जात नाहीत. त्यांच्याकडची कनेक्शनं संपेपर्यंत ते थांबतात. वेब-सॉकेट, म्हणजे सतत उघडं राहणारं कनेक्शन, असेल तर तासन्‌तास. कार्डातल्या आठही जागा त्यांनी धरलेल्या असतात. नव्यांना जागा मिळत नाही आणि मांडणीनुसार ते साध्या मार्गाने काम करतात किंवा उठतच नाहीत. पीएसच्या यादीत शटिंग-डाउन लिहिलेले वर्कर मोजा, लगेच कळेल. जागा वर्करांच्या दुप्पट ठेवा आणि वर्कर-शटडाउन-टाइमआउट घाला.

नेटवर्क कार्डातलं एन्क्रिप्शन

काही नेटवर्क कार्डं, उदाहरणार्थ कनेक्टएक्स-६ डीएक्स, डेटा एन्क्रिप्ट करायचं काम स्वतः करतात. त्यासाठी कर्नल-टीएलएस (केटीएलएस), म्हणजे कर्नलमधूनच होणारं एन्क्रिप्शन, लागतं. प्रोक-नेटमधली टीएलएस-स्टॅट फाइल वाचा: टीएक्स-डिव्हाइसचा आकडा शून्य आणि टीएक्स-एसडब्ल्यूचा वाढतोय, म्हणजे काम कर्नलमध्ये होतंय, कार्डात नाही. दोन्ही शून्य असतील तर ओपन-एसएसएल त्या सोयीशिवाय बांधलेलं आहे किंवा एनजिनएक्सच्या मांडणीत केटीएलएस लिहिलेलं नाही. आणि हे कार्ड हँडशेकच्या सह्या करत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

शेवटी स्लॉट, सॉकेट आणि वारा

इथे प्रत्यक्ष मशीनपाशी जावं लागतं, म्हणून शेवटी. एलएसपीसीआयच्या सविस्तर माहितीत लिंकची क्षमता आणि लिंकची सध्याची स्थिती अशा दोन ओळी असतात. क्षमता १६ लेनची आणि स्थिती ४ ची असेल तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे. लांबीला मोठा दिसणारा स्लॉट आतून अपुरा जोडलेला असू शकतो. दोन प्रोसेसरांच्या मशीनमध्ये कार्ड कोणत्या सॉकेटला जोडलंय ते न्युमा-नोड फाइलमध्ये पाहा आणि वर्कर त्याच बाजूच्या कोअरांवर ठेवा. अशा बऱ्याच कार्डांवर स्वतःचा पंखा नसतो, ती सर्व्हरच्या वाऱ्यावर जगतात. शेजारच्या रिकाम्या स्लॉटची पट्टी काढून ठेवलेली असेल तर वारा तिथूनच पळतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

विनंत्या वाढतात आणि उत्तरं येत नाहीत. कर्नलच्या लॉगमध्ये पीसीआयच्या दुरुस्त न होणाऱ्या चुका दिसतात. मशीन गरम झालं की कार्ड यादीतून नाहीसं होतं: यातलं काहीही असेल तर कार्ड मांडणीतून काढा, साइट सीपीयूवर चालू द्या आणि विक्रेत्याच्या सपोर्टला कळवा. वॉरंटीतलं मशीन स्वतः उघडू नका. डेटा सेंटरच्या नियमांनुसारही ते तुमच्या हातात नसतं.

काही ब्राउझरांना मधूनच सही चुकीची असल्याची एरर येत असेल तर हे सगळ्यात गंभीर. आरएसएची सही करताना हार्डवेअरकडून गणितात चूक झाली आणि ती सही तशीच बाहेर गेली, तर तिच्यावरून प्रायव्हेट की काढता येऊ शकते. आर्येन लेन्स्ट्रा यांनी हे १९९६ मध्ये दाखवलं होतं आणि २०१५ मध्ये रेड हॅटच्या फ्लोरियन वायमर यांनी इंटरनेटवर चालू असलेल्या सर्व्हरांवरून अशा किल्ल्या खरोखर मिळवून दाखवल्या. अशा वेळी कार्ड ताबडतोब बंद करा, नवी की बनवून नवं सर्टिफिकेट घ्या, जुनं रद्द करा आणि सुरक्षेच्या माणसाला त्याच दिवशी बोलवा. उद्यावर टाकू नका.

प्रायव्हेट की एचएसएममध्ये (की सांभाळणाऱ्या वेगळ्या पेटीत) असेल तर त्या पेटीलाही हात लावू नका. तिचं मुख्य काम की सांभाळणं आहे, वेग वाढवणं नाही. चुकीचा पिन ठरावीक वेळांपेक्षा जास्त टाकला तर ती बंद होते किंवा आतली की कायमची पुसून टाकते. आणि एकुलत्या एका चालू सर्व्हरवर बायोस किंवा कार्डाचं फर्मवेअर भरदिवसा बदलू नका.

बोलवाल तेव्हा हे हाताशी ठेवा, निम्मा वेळ वाचतो: दहा सेकंदांच्या अंतराने घेतलेले काउंटरचे दोन आकडे, लोडच्या वेळचा पर्फ टॉपचा स्क्रीनशॉट, कर्नल आणि ओपन-एसएसएलची आवृत्ती, बूटच्या संदेशांतल्या क्यूएटीच्या ओळी, लॉगमधलं आर आणि टिंबांचं प्रमाण, आणि गेल्या तीन महिन्यांत मशीनवर काय काय बदललं त्याची तारखांसकट यादी.